सेवाकार्याच्या निविदा : शासन काय पाहते?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या दिवशी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, उपवर मुलामुलींच्या आईबापांची गाठ पडावी आणि पंक्ती उठून विडा मिळावा, असा आपला प्रघात आहे. अशा प्रसन्न प्रसंगी निविदा, बयाणा आणि लिफाफे यांसारख्या रुक्ष विषयावर बोलण्याची अनुज्ञा आम्ही कार्यकारिणीकडे मागून घेतली, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु या विषयावर वर्षभर आपल्या ज्ञातीत पुष्कळ बोलले गेले आहे, आणि जे बोलले गेले त्यातील बराचसा भाग चुकीचा आहे. तो चुकीचा पसरण्यास आमचाही हातभार लागला आहे. म्हणून हे सांगणे आमच्याकडेच येते.

हकीकत आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. आपल्या महिला शाखेच्या अकरा भगिनींनी सहा वर्षांपूर्वी बचत गट काढला. याच कार्यालयातील मुंजी, साखरपुडे आणि बारशी यांचा स्वयंपाक त्या करीत आल्या. चारशे पानांची पंगत त्यांनी उठविलेली आहे, आणि अन्न कमी पडले असे एकदाही झालेले नाही. गतवर्षी एका शासकीय कार्यालयाने एका निवासी शाळेतील मुलांना सकाळचा नाश्ता व दोन वेळचे जेवण पुरविण्यासाठी निविदा मागविल्या. भगिनींनी धीर केला. बँकेचे लहानसे कर्ज काढून मोठी पातेली व दोन शेगड्या घेतल्या. कागदपत्रे तयार करण्याचे काम मात्र आमच्याकडे आले, कारण, “गुरुजींना लिहिण्यावाचण्याचे कळते.”

निविदा बाद झाली. दराचा लिफाफा उघडलाच गेला नाही. पंधरा दिवसांत बोलवा उठली की, आपल्या ज्ञातीस जाणूनबुजून डावलले. कार्यकारिणीने निषेधाचा ठराव करण्याचे योजिले आणि त्याचा मसुदा लिहिण्याचे कामही आमच्याकडेच आले. आम्ही तो लिहिला. भाषा चांगली ठसठशीत उतरली होती.

ठराव पाठविण्यापूर्वी बाद होण्याचे कारण पाहून यावे म्हणून आम्ही त्या कार्यालयात गेलो. तेथील लिपिकाने सौजन्याने संगणकावरील तक्ता समोर धरला. आमच्या गटाच्या नावापुढे दोनच ओळी होत्या. पहिली : घोषणापत्र सुधारित नमुन्यात नाही. दुसरी : अनुभवाच्या पुराव्यात कार्यादेश व पूर्णत्वाचा दाखला नाही. निविदा प्रसिद्ध झाल्यावर नवव्या दिवशी शुद्धिपत्रक निघाले होते. त्यात घोषणापत्राचा नमुना बदलला होता. पहिल्या दिवशी सर्व कागद उतरवून घेतल्यावर त्या संकेतस्थळाकडे पुन्हा वळून पाहण्याची गरज आम्हांस वाटली नव्हती. परीक्षेस बसलेल्या मुलाने फळ्यावर लिहिलेली दुरुस्ती न वाचता जुन्याच प्रश्नाचे उत्तर लिहावे, तसे आम्ही केले. आणि हेच आम्ही, ज्यांनी छत्तीस वर्षे मुलांना “प्रश्न दोनदा वाचा” म्हणून दटावले!

मसुदा आम्ही घरी येऊन फाडला. परंतु तो का फाडला, हे कार्यकारिणीस सांगण्यास आम्हांस सव्वा महिना लागला. तेवढ्या काळात डावलल्याची बोलवा चार गावांत पोहोचली. ती आज येथे, सर्वांच्या समक्ष, मागे घेण्यासाठी आम्ही उभे आहोत.

त्यानंतरचे सहा-सात महिने आम्ही या विषयाचे नियम वाचण्यात घालविले. त्यांतील जे आपल्या उपयोगाचे वाटले, तेवढेच सांगतो.

शासन रस्ते आणि पूल यांच्याच निविदा काढते असे नव्हे. वसतिगृहांचे भोजन, रुग्णालयांतील कपड्यांची धुलाई, कार्यालयांची स्वच्छता, अंगणवाडीचा आहार, वृद्धांची देखभाल, रुग्णवाहिका अशी अनेक सेवाकार्ये मक्त्याने दिली जातात. केंद्र शासनाच्या कारभारास ‘सामान्य वित्तीय नियम, २०१७’ लागू आहेत. आपल्या राज्यात १ डिसेंबर २०१६ च्या शासननिर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका घालून दिली. खात्याखात्यांत तपशिलाचा फरक पडतो. परंतु चौकट बहुधा सारखीच. जाहिरात निघते. केंद्राच्या नियमाप्रमाणे निविदा भरण्यास सामान्यतः किमान तीन आठवडे दिले पाहिजेत. निविदा दोन भागांत भरावयाची : एका लिफाफ्यात पात्रतेची कागदपत्रे, दुसऱ्यात दर. आता हे लिफाफे कागदाचे नसून संगणकावरचे आहेत, आणि लाखेऐवजी अंकीय स्वाक्षरीची मोहोर असते. नाव मात्र लिफाफाच राहिले, हे आम्हांस बरे वाटते.

पहिला लिफाफा एक समिती तपासते. आम्ही शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका अनेक वर्षे तपासल्या आहेत, म्हणून या समितीचे मन आम्हांस थोडेफार ओळखता येते. परीक्षकाच्या हाती नमुना उत्तर असते. मुलगा हुशार आहे, घरी आई आजारी आहे, वर्गात तो उत्तम बोलतो, यांतले काहीही त्या उत्तरपत्रिकेवर नसते. आणि जे कागदावर नाही त्यास गुण देण्याचा अधिकार परीक्षकास नसतो. त्याने दयेने एकास दोन गुण वाढविले, तर न वाढविलेल्या शंभरांवर त्याने अन्याय केला असे होते. निविदेचेही तसेच. आपल्या भगिनींच्या हातची आमटी त्या समितीने चाखलेली नव्हती, आणि चाखणे हे तिचे कामही नव्हते. आम्ही पुरावा म्हणून लग्नघरच्या मंडळींची आभारपत्रे आणि आपल्या अध्यक्षांचे शिफारसपत्र जोडले होते. अटीत मागितले होते ते कार्यादेश आणि काम पुरे केल्याचा दाखला. आभारपत्रातील प्रेमास तक्त्यात रकाना नसतो.

यावर कोणी म्हणेल की, एवढ्या क्षुल्लक त्रुटीकडे काणाडोळा करता आला नसता काय? सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेले एक जुने प्रकरण येथे सांगण्याजोगे आहे, आणि ते आपल्या मुंबईचेच आहे. सन १९७७ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने मुंबईच्या विमानतळावर दुय्यम दर्जाचे एक उपाहारगृह आणि फराळाची दोन दुकाने चालविण्यासाठी निविदा मागविल्या. अट अशी की, निविदाकार किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला, दुय्यम दर्जाचा नोंदणीकृत हॉटेलवाला असावा. ज्याची निविदा स्वीकारली त्याने परवाना शुल्क सर्वांत अधिक देऊ केले होते, महिना ६,६६६ रुपये ६६ पैसे. परंतु त्याचा अनुभव उपाहारगृहाचा नसून खानावळी, म्हणजे कँटीन, चालविण्याचा होता. प्राधिकरणाने तो चालवून घेतला. शुल्क अधिक मिळत असता अडून का बसावे, असा त्यांचा व्यवहारी विचार असावा.

‘रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण’ या नावाने ते प्रकरण प्रसिद्ध आहे. १९७९ साली न्यायमूर्ती भगवती यांनी त्याचा निकाल दिला. गंमत अशी की, तक्रार करणाऱ्याने स्वतः निविदा भरलीच नव्हती. त्याचे म्हणणे एवढेच : ‘अट सैल होणार आहे हे आधी कळले असते, तर मीही निविदा भरली असती.’ विचार केल्यास या म्हणण्यातील तथ्य ध्यानात येते. आत आलेल्या माणसासाठी अट सैल केली, की अट वाचून बाहेरूनच परत गेलेल्या माणसावर अन्याय होतो. आणि तो माणूस कोणालाच दिसत नसतो. न्यायालयाने सांगितले की, शासनाने स्वतः घालून दिलेली कसोटी शासनावरही बंधनकारक आहे. संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदातील समानतेचे तत्त्व मक्ते देतानाही लागू होते. तक्रारदारास मात्र प्रत्यक्ष काही मिळाले नाही. तो उशिरा आला होता, आणि तोवर मक्तेदाराने पैसा घालून काम सुरू केले होते. वरातीमागून घोडे, ही म्हण न्यायालयातही खरी ठरते.

तेव्हा आमच्या घोषणापत्राकडे समितीने काणाडोळा केला असता, तर शुद्धिपत्रक वाचून नवा नमुना भरणाऱ्या दुसऱ्या कोणा गटावर अन्याय झाला असता. तो गट कोणत्या ज्ञातीच्या बायकांचा होता, हे आम्हांस ठाऊक नाही. ठाऊक असण्याचे कारणही नाही.

आता दराचा लिफाफा. सर्वसाधारण रीत अशी की, पहिल्या लिफाफ्यात जे पात्र ठरले त्यांच्यातील सर्वांत कमी दरवाल्यास काम मिळते. पात्रतेत कोण काठावर आला आणि कोण उत्तम गुणांनी आला, हा भेद तेथे पुसला जातो. पस्तीस गुणांचा आणि पंच्याण्णव गुणांचा विद्यार्थी एकाच बाकावर बसवून मग वह्यांची किंमत विचारावी, तसा हा प्रकार. जेथे काम ठरावीक मापाचे आहे तेथे ही रीत ठीक आहे. परंतु मुलांच्या जेवणात किंवा वृद्धांच्या शुश्रूषेत ती फसते, हे शासनासही कळून आले आहे. म्हणून काही कामांत गुणवत्ता आणि दर या दोहोंना भार देऊन बेरीज करतात.

ही बेरीज एकदा मांडून पाहू. समजा, दोन गट आहेत. पहिल्यास गुणवत्तेचे ९० गुण पडले, आणि त्याचा दर दिवसाला मुलामागे ६० रुपये आहे. दुसऱ्यास ७० गुण पडले, दर ५० रुपये. सर्वांत कमी दरास १०० गुण देतात व इतरांस त्या प्रमाणात कमी. म्हणजे दराचे गुण दुसऱ्यास १०० आणि पहिल्यास सुमारे ८३. आता गुणवत्तेचा भार ३० आणि दराचा ७० असेल, तर पहिल्याची बेरीज सुमारे ८५ येते आणि दुसऱ्याची ९१, काम दुसऱ्यास. तोच भार उलटा केला, गुणवत्तेस ७० आणि दरास ३०, तर पहिल्याची बेरीज ८८ होते आणि दुसऱ्याची ७९, काम पहिल्यास. गट तेच, स्वयंपाक तोच, दर तेच. आणि निकाल उलटा! सल्लागारांच्या नेमणुकीत केंद्राच्या रीतीने गुणवत्तेस ८० पर्यंत भार देता येतो. इतर सेवांसाठी २०२१ च्या ऑक्टोबरात जी मुभा दिली, तीत तो ३० च्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातली. अर्थात मुलांच्या पानातील वरणापेक्षा सल्लागाराच्या अहवालाची गुणवत्ता अधिक जपली जाते, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

हा भार जाहिरातीतच छापलेला असतो. म्हणजे कोण जिंकणार याचा अर्धा निवाडा लिफाफे उघडण्याच्या कितीतरी आधी, अटी लिहिताना होऊन गेलेला असतो. आपण निकालाच्या दिवशी जागे होतो.

अटी कशा लिहिल्या जातात यावरच आपल्या राज्यात मोठे प्रकरण झाले. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी आदेश दिला होता की, अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार वापरू नयेत. शक्यतो गावातील समूह, बचत गट व महिला मंडळे यांच्याकडून हे काम करून घ्यावे. पुढे २०१६ च्या मार्चमध्ये, नेमके जागतिक महिला दिनाच्या तारखेस, घरी न्यावयाच्या आहाराच्या पुरवठ्यासाठी राज्यात निविदा निघाल्या. अनेक प्रकल्प एकत्र बांधून मोठमोठे विभाग केले होते आणि उलाढाल व यंत्रसामग्री यांच्या अटी अशा होत्या की, खेड्यातील खऱ्याखुऱ्या बचत गटास त्या पुऱ्या करणे दुरापास्त व्हावे. नाव महिलांचे, परंतु उंबरठा कारखानदाराच्या उंचीचा. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मक्ते रद्द करून नव्याने निविदा काढण्यास सांगितले. तेथे लढा झाला तो कोणाची निविदा बरी यावर नव्हे. अट कोणी व कोणासाठी लिहिली, यावर झाला.

न्यायालयात जाणे हे आपल्या गटाच्या आवाक्यातले नाही, हे आम्ही जाणतो. न्यायालये या कामी हात आखडताही घेतात. १९९४ च्या टाटा सेल्युलर प्रकरणापासून धोरण असे की, निर्णय कोणत्या रीतीने घेतला हे तपासावे, निविदा स्वतः पुन्हा तोलू नये. परंतु लहान माणसासाठी एक दार आहे, आणि ते फुकट उघडते. पुष्कळशा निविदांत निविदापूर्व बैठक ठेवलेली असते. जाहिरातीत तिची तारीख असते. त्या बैठकीत अटींविषयी लेखी प्रश्न विचारता येतात आणि शासनास उत्तर द्यावे लागते; प्रश्न रास्त असेल तर शुद्धिपत्रक निघते. गतवर्षी ज्या शुद्धिपत्रकाने आम्हांस बुडविले, ते अशाच कोणाच्या तरी प्रश्नावरून निघाले असावे. बैठकीस आम्ही गेलो नव्हतो. त्या दिवशी आम्ही याच कार्यालयात बसून, निविदा मिळाल्यावर पेढे कोठून आणावेत याची चर्चा करीत होतो.

भगिनींना दराविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. काम मिळावे म्हणून पाच रुपये कमी लिहावे, पुढे पाहता येईल, असा मोह होतो. पुढे पाहता येत नाही. केंद्राच्या नियमपुस्तिकेत असे आहे की, दर अवाजवी कमी वाटल्यास समितीने त्याची फोड लेखी मागावी, आणि ती न पटल्यास निविदा नाकारता येते. परंतु ही फोड प्रत्येक वेळी मागितली जातेच असे नाही. मग तो दर मक्तेदाराच्या गळ्यात पडतो आणि त्याच्या गळ्यातून मुलांच्या ताटात उतरतो. वरण पातळ होते, भाजीत बटाटाच राहतो. आम्ही शाळेत असताना खिचडीची नोंदवही वर्षानुवर्षे ठेवली आहे. पातळ वरणाची चव वहीत उतरत नाही, पण पटावरील मुले दुपारी घरी पळू लागली की ती ओळखता येते.

काही ठिकाणी दराची स्पर्धा नसतेच. शाळांतील पोषण आहाराचेच पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना सुरू झाली, २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिला, आणि २०२१ मध्ये तिचे नाव बदलले. तेथे स्वयंपाकाचा खर्च शासन ठरवून देते : १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे; धान्य वेगळे. त्यात प्राथमिकच्या मुलास ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. असा दर ठरलेला असला की निवड उरते ती स्वयंपाकघर, स्वच्छता, मनुष्यबळ आणि अनुभव यांवर. आपल्या भगिनींचे बळ तेथे अधिक दिसेल, असे आमचे मत आहे. मात्र ते बळही कागदावर दाखवावे लागेल. आणि तेथील चुलीपाशी कोण बसते याविषयी कोणाच्या मनात जुन्या कल्पना असतील, तर त्यांनी हेही ऐकून ठेवावे : स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्तींस प्राधान्य द्यावे, असा न्यायालयाचा २० एप्रिल २००४ चा आदेश आहे. सरकारी मक्त्याच्या स्वयंपाकघरात आपली पंगत आणि परकी पंगत असा भेद चालावयाचा नाही. हे ज्यांना मान्य नसेल, त्यांनी आधीच बाजूस राहावे.

आता जे सांगावयाचे ते थोडे कटू आहे. आमचा कागद बाद झाल्यावर तीन प्रकारचे सल्ले आले. पहिला, त्या कार्यालयात आपल्या ज्ञातीचा एक गृहस्थ आहे, त्यास भेटावे. आम्ही भेटलो नाही. ज्याच्या हाती तपासणी आहे त्याने निविदाकाराशी असलेले नाते स्वतः उघड करणे हा शुचितेच्या नियमांचा भाग आहे. त्यास भेटणे म्हणजे त्याची नोकरी आणि आपली निविदा, दोन्ही एकदम धोक्यात घालणे. शिवाय आपल्याला डावलले म्हणून निषेध करावयाचा आणि आपल्याला आत घ्यावे म्हणून आपला माणूस शोधावयाचा, या दोन गोष्टी एका तोंडाने कशा बोलाव्यात, हे आम्हांस उमगले नाही.

दुसरा सल्ला असा की, पुढील खेपेस एकाच घरातून तीन निविदा भराव्यात. दोन चढ्या दराच्या, नावापुरत्या. सल्ला देणारे सज्जन आहेत आणि त्यांनी हे अगदी सहज सांगितले, हेच आम्हांस अधिक लागले. याला स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये संगनमत म्हणतात. पकडले गेल्यास केंद्राच्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. आणि त्याची गरजही नसते. जाहिरात रीतसर दिली असेल, अटी जाचक नसतील आणि दर वाजवी असेल, तर एकुलती एक निविदासुद्धा स्वीकारता येते, असे तेच नियम सांगतात.

तिसरा सल्ला अध्यक्षमहोदयांचा होता, आणि तो प्रामाणिक होता : निविदा गटाच्या नावाने न भरता मंडळाच्या नावाने भरावी. मंडळ नोंदलेले आहे, लेखापरीक्षण दरवर्षी होते, बँकेत ठेव आहे. त्यांचा हेतू थोर आहे. परंतु आमचे मत वेगळे पडते आणि ते आम्ही त्यांच्या परवानगीने येथे मांडतो. मंडळाने आजवर पाटी-पुस्तके वाटली, वसतिगृह चालविले; रोज दोनशे मुलांचे जेवण शिजविलेले नाही. एकाची ठेव आणि दुसऱ्याचा हात असे चालवावयाचे, तर निविदेत संयुक्त निविदेस वाव असावा लागतो, आणि तसा करार आधी करावा लागतो. नाहीतर काम भगिनींनी करावयाचे, सही मंडळाची, आणि अनुभवाचा दाखला अखेरीस मंडळाच्या कपाटात! पुढच्या वर्षी पुन्हा त्या अनुभवशून्यच. लहान उद्योगांसाठीची नोंदणी १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ या नावाने होते, तीत बचत गटासही नोंदता येते, आणि केंद्राच्या निविदांत अशा नोंदलेल्यांस बयाण्याची माफी मिळते. तो बयाणा एरवी अंदाजित रकमेच्या दोन ते पाच टक्के असतो. लहान गटास तेवढे पैसे अडकून पडणे जड जाते. आपल्या गटाची ती नोंदणी गेल्या श्रावणात झाली. मंडळास मदत करावयाचीच असेल, तर पातेल्यांच्या कर्जाचे उरलेले हप्ते वर्षभर बिनव्याजी उसने द्यावेत, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. त्या कर्जात आमच्या चुकीचा वाटा आहे, म्हणून पहिले दोन हप्ते आमच्या निवृत्तिवेतनातून गेले. हे सांगावयाचे नव्हते. परंतु हिशेबनिसांनी ते अहवालात छापले आहे.

कार्यालयातून परतल्यावर, सव्वा महिन्यानंतर का होईना, आम्ही गटप्रमुख भगिनींच्या घरी गेलो आणि सर्व सांगितले. त्या गव्हाचे पीठ चाळीत होत्या. रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “गुरुजी, आम्ही चार रात्री बसून जो भाव काढला, तो त्यांनी पाहिला तरी का हो?” आम्ही म्हणालो, “नाही. लिफाफा न उघडताच राहिला.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चाळणी बाजूस ठेवून म्हणाल्या, “मग तो बरा होता की वाईट, हे आम्हांला कधीच कळायचे नाही.”

त्याच शाळेच्या भोजनाची नवी जाहिरात गेल्या आठवड्यात निघाली आहे. निविदापूर्व बैठक येत्या गुरुवारी आहे. भगिनींनी तीन प्रश्न लिहून काढले आहेत. खाजगी समारंभांचे काम बँकेत जमा झालेल्या रकमांवरून आणि पावत्यांवरून सिद्ध करता येईल काय? नसल्यास, अनुभवाची अट तीन वर्षांवरून एका वर्षावर आणता येईल काय? आणि नाश्त्याचे काम जेवणापासून वेगळे काढून लहान गटांस देता येईल काय? उत्तरे अनुकूल येतील असा भरवसा आम्ही देत नाही. अट तशीच राहिली, तर यंदा निविदा न भरता आधी एखाद्या लहान कामाचा रीतसर दाखला मिळवावा, हेही त्यांनी आपसांत ठरविले आहे. बैठकीस त्या स्वतः जाणार आहेत. आम्ही सोबत असू, परंतु मागच्या खुर्चीवर.

येत्या रविवारी दुपारी चार वाजता याच कार्यालयात ती जाहिरात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचली जाईल. पाने बासष्ट आहेत. ज्यांना यावयाचे त्यांनी चष्मा आणावा. संकेतस्थळावर रोज शुद्धिपत्रक पाहण्याचे काम मात्र आता आमच्याकडे नाही. ते गटप्रमुख भगिनींच्या धाकट्या कन्येने घेतले आहे. ती रोज सकाळी कॉलेजला जाता जाता आमच्या दारावरून हाक देते, “आज काही नाही, गुरुजी!”